अंगानें ऐकावयाचा खर्ज

आवाज कानांनीं ऐकावयाचा असतो, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती कोणी कोणाला शिकवीत नाहीं. तरीपण अनंतचतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या ढोलपथकापासून दहा पावलांवर उभें राहून पाहावें. ताशाचा कडकडाट कानांत शिरतो हें खरें. पण ढोलाचा ठोका छातींत पडतो. बरगड्या हालतात, सदऱ्याचें कापड थरथरतें, पायांखालचा रस्तासुद्धां हालल्यासारखा वाटतो. कानांत बोटें घातलीं तर ताशा पुष्कळसा मावळतो, ढोल मात्र राहतो. आज मला बोलावयाचें आहे तें या राहिलेल्या ढोलाविषयीं. घरीं बसून चित्रपट पाहतांना हा ढोल कोठें जातो, आणि बसावयाच्या खुर्चीच्या वाटेनें तो परत आणतां येतो कीं काय, असा माझा विषय आहे.

आमच्याकडे अलीकडे घरांतल्या घरांत चित्रपटगृह मांडण्याची आवड वाढली आहे. भिंतीवर मोठा पडदा, त्याच्या दोहों बाजूंस व पाठीमागें मिळून पांच स्पीकर, आणि कोपऱ्यांत खर्जासाठीं एक ठोकळेवजा सबवूफर, असा सरंजाम असतो. त्याला होम थिएटर असें म्हणतात. चित्र उत्तम दिसतें, संवाद स्पष्ट ऐकूं येतात, मागच्या बाजूस पाऊस पडूं लागला तर माणूस मान वळवून पाहतो. आणि तरीही घोडदळ आलें, पूल कोसळला, आगगाडी पडद्यावरून धडधडत गेली, तरी पाहणारा आपल्या जागीं कोरडाच राहतो. पुष्कळांना वाटतें, आवाज कमी पडला. म्हणून ते आवाज वाढवितात. मग संवाद किंचाळूं लागतात, कान दुखूं लागतात, आणि आगगाडी मात्र कागदाचीच राहते. तिच्या आवाजांत उणीव नव्हती. उणीव होती ती तिच्या धडधडीची, जी स्टेशनावर उभें असतां आपल्या तळपायांना कळते.

याचें कारण थोडें शास्त्राचें आहे, पण तें समजावयास कठीण नाहीं. आवाज म्हणजे हवेचा कंप. सेकंदाला जितकीं कंपनें अधिक तितका स्वर उंच, आणि जितकीं कमी तितका तो खर्जाकडे झुकलेला. मनुष्याच्या कानाला साधारणतः २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकूं येतात. यांतील अगदीं खालचे स्वर उत्पन्न करणें फार कष्टाचें काम आहे. स्वर एका सप्तकानें खालीं उतरविला आणि त्याचा जोर तोच ठेवावयाचा म्हटलें, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागें-पुढें हालावें लागतें. ८० कंपनांच्या स्वराला जो पडदा एक मिलिमीटर हालला तर भागतें, त्यालाच ४० कंपनांसाठीं चार व २० कंपनांसाठीं सोळा मिलिमीटर हालावें लागेल. त्यांत आपला कान या टोकाला अगदीं मंद. १,००० कंपनांचा स्वर दोन-तीन डेसिबलचा असला तरी निरोगी तरुण कानाला शांततेंत कळतो. २० कंपनांचा स्वर सुमारे ७८ डेसिबलपर्यंत चढला नाहीं तोंवर कानाला त्याचा पत्ताच नसतो. अर्थात् चित्रपटांतील भूकंप घरांत खरोखर जाणवावा असें वाटत असेल, तर हवेचे डोंगर हालविणारें यंत्र खोलींत आणावें लागतें.

तें आणतां येतें. पैसे असले म्हणजे सर्वच आणतां येतें. अडचण आहे ती शेजाऱ्याची. भिंत उंच स्वरांना बरीच अडविते; परंतु स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं भिंतीची अडविण्याची शक्ति ढोबळ मानानें सहा डेसिबलनीं घटते. म्हणून शेजारच्या घरांत नायिकेचें गाणें पोंचत नाहीं, दरोडेखोरांचे तोफगोळे मात्र पोंचतात. मुंबईच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या सहा मजली इमारतींत तिसऱ्या मजल्यावर बसून आपण युद्धपट पाहत असतां, खालच्या घरीं कोणाचें तरी दहावीचें वर्ष असतें आणि वरच्या घरीं कोणाचें तरी तान्हें मूल नुकतेंच झोंपलेलें असतें. आपल्या देशांत २००० सालीं झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. पण नियमाचें राहूं द्या. जिन्यांत भेटल्यावर शेजारणीनें तोंड फिरविलें म्हणजे जें कळावयाचें तें कळतें.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांना विशेष लागू आहे. होम थिएटरचे इंग्रजी ग्रंथ व मासिकें बहुधा अमेरिकेंतील घरें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं असतात. तेथें पुष्कळ घरांची जमीन लांकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असते. कोपऱ्यांतला सबवूफर गर्जूं लागला कीं ती जमीनच कंप पावते, आणि बसणाऱ्याच्या अंगाला खर्ज फुकटांत मिळतो. आमच्याकडे सिमेंट-काँक्रीटची छावणी आणि तिच्यावर लादी. ही जमीन सहसा ढिम्म हालत नाहीं. म्हणजे तेंच यंत्र, तोच चित्रपट, पण तळपायांना मिळावयाचा वांटा आम्हांला मिळत नाहीं. आसनालाच कंप देण्याची युक्ति आमच्या घरांत अधिक उपयोगी पडते ती यामुळें.

ती युक्ति सांगण्यापूर्वी अंगाला कंप कळतो कसा, तें पाहूं. इटलींतील शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी, जन्म १८१२ आणि मृत्यु १८८३, याला विद्यार्थिदशेंतच मनुष्याच्या हातांतील मज्जातंतूंच्या टोकांशीं लहान लहान गोळे आढळले. त्यांना आज त्याचेंच नांव आहे. असा गोळा आडवा कापून पाहिला तर कांद्याप्रमाणें एकावर एक पापुद्रे दिसतात, आणि मधोमध मज्जातंतूचें टोक. सावकाश दाबलें तर हे पापुद्रे दाब जिरवून टाकतात. भराभर होणारा कंप मात्र आंतपर्यंत पोंचतो. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या सुमारास हे गोळे सर्वांत तीक्ष्ण असतात. त्याहून मंद थरथर ओळखणारीं त्वचेतील इंद्रियें निराळीं आहेत. एकंदरींत त्वचेला सुमारे १,००० कंपनांपर्यंत कंप जाणवतो. म्हणजे २० पासून १,००० पर्यंतचा मुलूख कान आणि अंग यांच्या सामाईक मालकीचा झाला. डग्ग्यावर घुमणारा हात, देवळांतल्या नगाऱ्याचा घोष, भरल्या आभाळांतला गडगडाट, हीं सर्व या सामाईक मुलखांतलीं माणसें आहेत.

चित्रपटवाल्यांना ही गोष्ट पूर्वींपासून ठाऊक होती, पण तिचा उपयोग प्रथम थट्टेसाठींच झाला. १९५९ सालीं विल्यम कॅसल या अमेरिकन निर्मात्यानें ‘द टिंगलर’ नांवाचा भीतिपट काढला. भय वाटलें म्हणजे मनुष्याच्या कण्याला एक किडा विळखा घालतो, अशी त्याची कथा. मोठ्या चित्रपटगृहांतून कांहीं खुर्च्यांखालीं लहान मोटारी बसविल्या होत्या, आणि किडा सुटला कीं त्या गुरगुरूं लागत. प्रेक्षक ओरडत, हंसत, आणि दुसऱ्या दिवशीं मित्रांना घेऊन येत. धंद्याच्या दृष्टीनें युक्ति नामी. पण त्या मोटारीचा चित्रपटाच्या आवाजाशीं कांहीं संबंध नव्हता. कोणीतरी कळ दाबली आणि खुर्ची हालली, इतकेंच.

पुढें १९७४ सालीं युनिव्हर्सल कंपनीनें ‘अर्थक्वेक’ या भूकंपाच्या चित्रपटासाठीं सेन्सराउंड नांवाची योजना केली. हिच्यांत खुर्चीला हात लावलेला नव्हता. प्रचंड कर्णे चित्रपटगृहांत उभे करून त्यांतून खर्जाचा असा लोट सोडीत कीं प्रेक्षकांचीं अंगें हालत. हॉलिवुडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरांत तर छताचा गिलावा डोक्यावर पडूं नये म्हणून खालीं जाळें बांधण्यांत आलें. एकाच इमारतींत शेजारीं दुसरा चित्रपट चालूं असला तर तेथल्या प्रेक्षकांनाही हा भूकंप सोसावा लागे. चार-पांच चित्रपटांनंतर ती योजना मागें पडली. कॅसलच्या मोटारीला चित्रपटाचा आवाज कळत नव्हता. युनिव्हर्सलच्या कर्ण्यांना शेजारी कळत नव्हता.

१९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’मध्यें तोच परिणाम कसा साधला आहे पाहा. तो अजस्र प्राणी दिसण्यापूर्वी, मोटारींत ठेवलेल्या पेल्यांतील पाण्यावर वर्तुळें उमटतात. तीं उमटविण्यासाठीं मोटारींत पेल्याच्या खालीं गिटारची तार ताणून ती छेडली होती. जो कंप अंगाला द्यावयाचा तो डोळ्यांना दाखविला! हा प्रसंग ज्यानें पाहिला आहे त्याला, आसनाला कंप देणें हा निव्वळ पोरखेळ आहे असें वाटणार नाहीं; दिग्दर्शकाला जें सांगावयाचें होतें त्याचा तो उरलेला भाग आहे.

आतां प्रत्यक्ष युक्ति. बाजारांत हिला बेस शेकर म्हणतात. आपण कंपक म्हणूं. एका अमेरिकन बनावटीचें नांव तर इतकें ग्राम्य आहे कीं तें नभोवाणीवरून उच्चारण्याची सोय नाहीं, पण वस्तु चांगली आहे. साध्या स्पीकरमध्यें लोहचुंबक घट्ट बसविलेला असतो, तारेचें वेटोळें मागें-पुढें हालतें आणि त्याला चिकटलेला कागदी शंकु हवेला ढकलतो. कंपकांत शंकु नसतोच. त्याच्या पेटींत वजनदार चुंबक लवचिक आधारावर अधांतरीं ठेविलेला असतो. विजेच्या प्रवाहानें तो हालूं लागला कीं त्याचा उलट धक्का पेटीला बसतो, आणि पेटी आसनाच्या चौकटीला बोल्टांनीं आवळलेली असल्यामुळें चौकट हालते. बंदूक उडाली कीं दस्ता खांद्याला मागें रेटतो, तोच हा न्यूटनचा तिसरा नियम. फक्त सेकंदाला तीस-चाळीस वेळां. हवेचे डोंगर हालवावयाचे नसल्यामुळें शक्ति थोडीच लागते. पन्नास वॉटचा लहानसा कंपक एका खुर्चीला पुरतो, आणि त्याचा स्वतःचा आवाज खोलींत फारसा ऐकूं येत नाहीं.

त्याला जोडावयाचें काय? चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणांत पांच दिशांचे पांच आवाज असतात, आणि खर्जाच्या परिणामांसाठीं सहावा एक निराळा मार्ग राखलेला असतो. ‘पांच पूर्णांक एक’ असें जें आपण वाचतों त्यांतला ‘एक’ तो हा. १२० कंपनांच्या वरचें त्यांत कांहीं नसतें. मुख्य यंत्रांतून सबवूफरकडे जाणारी तार दुभंगावी, एक फांटा सबवूफरला द्यावा, दुसरा एका स्वतंत्र अँप्लिफायरला आणि तेथून कंपकाला. हा अँप्लिफायर स्वतंत्रच हवा, कारण त्याची चावी आपल्या हाताशीं असली पाहिजे.

निराळी एक पद्धति अशी आहे कीं ज्यांत प्रत्येक चित्रपटासाठीं आसनाच्या हालचाली कारागीर आधीं लिहून ठेवतात, आणि खुर्ची नुसती थरथरत नाहीं तर उचलते, कलते. कॅनडांतील डी-बॉक्स या कंपनीचीं अशीं आसनें २००९ पासून चित्रपटगृहांत आलीं, घरासाठींही मिळतात. खर्च फार. आणि मला स्वतःला, खरें सांगावयाचें तर, तें थोडेंसें जत्रेंतल्या पाळण्यासारखें वाटतें. कंपक चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकानें जें मुद्रित केलें तेंच सांगतो, स्वतःचें पदरचें घालीत नाहीं. मात्र त्यामुळें त्याचा एक भाबडेपणाही पत्करावा लागतो. पार्श्वसंगीतांतला खर्ज आणि कोसळणारी दरड यांतला फरक त्याला कळत नाहीं. पडद्यावर दोघे प्रेमिक नुसते उभे असतात, संगीतकार खालच्या स्वरांत व्हायोलीनचे मोठे भाऊ घुमवितो, आणि आपली खुर्ची उगीचच व्याकुळ होते.

बसविण्याचें काम सुताराचें आहे, आणि तें नीट न झाल्यास पुढचें सारें व्यर्थ. कापसाच्या किंवा फोमच्या गादीला कंपक बांधून कांहीं उपयोग नाहीं; गादी कंप गिळून टाकते. आसनाची जी लांकडी चौकट, तिला खालून एक जाड आडवी फळी घट्ट बसवावी आणि तिच्या मधोमध कंपक. नंतर आसनाच्या चारी पायांखालीं रबराच्या जाड गाद्या. या रबरानें दोन कामें होतात : आसन मोकळेपणानें हालतें, आणि कंप लादींत उतरत नाहीं. रबर विसरलें तर ज्या शेजाऱ्याला वांचवावयाचें त्याच्याच छतावर आपण हातोडा मारूं लागतों. खोलींतले सैल खिळे, फडताळांतले चमचे, भिंतीवरच्या तसबिरी हीं पहिल्या दिवशीं एकामागून एक आपली ओळख करून देतात; त्यांचा बंदोबस्त करण्यांत एक रविवार जातो.

सगळ्यांत नाजूक काम जुळणीचें. नव्यानें कंपक बसविणारा मनुष्य चावी शेवटपर्यंत पिळतो, कारण पैसे मोजले आहेत तर हालचाल दिसली पाहिजे ना! पंधरा मिनिटांत अंग मुंग्या आल्यासारखें होतें आणि त्वचेची संवेदना बोथटते. दुसरी चूक स्वरांची. कंपकाकडे किती उंचीपर्यंतचे स्वर जाऊं द्यावयाचे, तें ठरवितां येतें. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणतः ८५ ते १८० कंपनांच्या दरम्यान असतो. सीमा त्याच्या वर ठेवली आणि कंपकाला सर्व वाहिन्यांचा खर्ज दिला, कीं नायक बोलूं लागतांच आपल्या खुर्चीला कंठ फुटतो. तो ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतो आणि तें आपल्या पाठीला कळतें! म्हणून सीमा ८० कंपनांवर, किंवा त्याहून खालीं. तिसरी गोष्ट : लहान कंपकाला बहुधा ४० कंपनांच्या आसपास एक आवडता स्वर असतो. तेथें तो नको इतका उसळतो. इक्वलायझरनें तेवढा भाग कापला तर मेघगर्जना आणि मोटारीचें इंजिन यांतला फरक पाठीला कळूं लागतो; न कापल्यास सर्व जग एकाच सुरांत घरघरतें.

काळाचीही जुळणी पाहावी. तीन मीटरांवरील स्पीकरचा आवाज कानापर्यंत येण्यास सुमारे ९ सहस्रांश सेकंद लागतात. कंपक तर अंगाखालींच असतो. मुख्य यंत्रांत अंतर नोंदविण्याची सोय असते, तिच्यानें हा भेद मिटवितां येतो. आणि प्रकृतीचें भान ठेवावें. ट्रॅक्टर व ट्रक चालविणाऱ्यांच्या कंबरदुखीचा वर्षानुवर्षें सोसलेल्या हादऱ्यांशीं संबंध आहे, हें वैद्यकास ठाऊक आहे. तीन तासांच्या चित्रपटाची बरोबरी त्यांच्या जन्माच्या नोकरीशीं होत नाहीं; तरी ज्यांचा कणा दुखरा आहे त्यांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं हा सोस करूं नये. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविलेला आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून या चुंबकाजवळ बसूं नये.

इथपर्यंत ही सारी हौसेची गोष्ट झाली. परंतु कांहीं माणसें अशीं आहेत कीं ज्यांच्यासाठीं ती हौस नाहीं. एकोणीस महिन्यांच्या वयांत दृष्टि आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलर यांनीं १९२४ च्या फेब्रुवारींत बीथोव्हेनची नववी सिम्फनी ऐकली. न्यूयॉर्कहून ती नभोवाणीवर प्रक्षेपित होत होती; घरच्या यंत्राचें झांकण काढल्यावर त्यांनीं आंतल्या थरथरणाऱ्या पडद्यावर बोटें ठेवलीं. वाद्यें निरनिराळीं कळलीं, मनुष्यकंठ उसळून आलेले कळले, असें त्यांनीं वाद्यवृंदाला पत्र लिहून कळविलें. ती रचना ज्यानें केली तो बीथोव्हेनही तोंवर बहिरा झालेला होता, याचीही त्यांनीं आठवण केली. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या, आणि तालवाद्यें वाजविण्यांत जगभर नांवाजल्या. त्या पुष्कळदां अनवाणी वाजवितात, कंप पायांना कळावा म्हणून.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत धाकटी मुलगी जन्मापासून बहिरी आहे. घरांत चित्रपट लागला कीं ती खालचीं अक्षरें वाची, आणि सर्वजण एकदम दचकले म्हणजे त्यांच्या तोंडाकडे पाही. तिच्या खुर्चीखालीं कंपक बसविला तेव्हां घरच्यांनीं रिवाजाप्रमाणें सीमा ८० वर ठेविली होती. गडगडाट तिला कळला, तिला मौजही वाटली. पण तिनें लगेच विचारलें कीं माणसें बोलतात तेव्हां ही गप्प कां बसते? तेव्हां तिच्या खुर्चीला वरचे स्वर झेपणारा निराळा कंपक आणला, त्याला सर्व वाहिन्यांचा आवाज दिला, आणि सीमा २५० च्या पुढें नेली. जेथें पाचिनीचे ते गोळे सर्वांत तीक्ष्ण, नेमकें तेथें. आतां पडद्याबाहेरचा माणूस बोलूं लागला तरी कोणीतरी बोलत आहे हें तिला कळतें, तो ओरडतो आहे कीं पुटपुटतो आहे हें कळतें, वाक्य मध्येंच तुटलें तर तेंही कळतें. शब्द कळत नाहींत. त्यांसाठीं खालचीं अक्षरें हवींतच, आणि मराठी चित्रपटांना तीं अजून पुष्कळदां नसतात, ही तक्रार त्या घरांत नेहमीं ऐकूं येते. ज्या खुर्चीला कंठ फुटला म्हणून मघाशीं आपण हंसलों, तसलीच खुर्ची तिनें मागून घेतली.

त्यांच्या बैठकींत आज पडद्यासमोर तीन सुट्या खुर्च्या आहेत, कारण एकाच लांबलचक सोफ्यावर एकाचा कंप दुसऱ्याला लागतो. वडिलांच्या खुर्चीची सीमा साठावर, चावी अर्ध्यावर. मुलीच्या खुर्चीची चावी तिच्या स्वतःच्या हातांत असते आणि ती कोणाला हात लावूं देत नाहीं. तिसऱ्या खुर्चीखालीं कांहींच बसविलेलें नाहीं. तेथें आजी बसतात.